सत्तावीस नंबरची नियमित बस

कक्षाधिकारी ऑफिसातून घरी आले तेव्हा बायकोने आधी दार उघडलं आणि पाठोपाठ वर्तमानपत्र उघडलं. पाणी नाही, चहा नाही, काही नाही.

"वाचा," ती म्हणाली. "मोठ्यानं वाचा."

त्यांनी उभ्या उभ्याच वाचलं. "'सत्तावीस क्रमांकाच्या मार्गावरील बस गेले आठ महिने बंद आहे, हे खरे नाही. ती दररोज सकाळी पावणेसात वाजता नियमितपणे सुटते, असे परिवहनमंत्र्यांनी काल विधानसभेत सांगितले.'"

मजकूर त्यांना आवडला. कुठे फट नाही, कुठे पसारा नाही. आवडणारच म्हणा, तो त्यांनीच लिहिला होता. केंद्राने शाळा, दवाखाने आणि बस प्रांताच्या हवाली केल्यापासून प्रांताचे आमदार "हे खरे आहे काय?" असं विचारत आणि परिवहन खात्याच्या वतीने हे गृहस्थ "हे खरे नाही" असं लिहून देत. एकोणीस वर्षं हा कारभार सुरळीत चालला होता. आगाराचा अहवाल मागवायचा, त्याची भाषा जरा झाडून-पुसून घ्यायची आणि तो मंत्र्यांच्या हाती द्यायचा. अहवालापलीकडे डोकावणं हे आपलं काम नव्हे, असं ते मानत.

"आता हे वाचा," म्हणत बायकोने दुसरा कागद पुढे केला.

तो मेमो होता. बायको ज्या शाळेत नव्याने शिकवायला लागली होती, तिथल्या मुख्याध्यापिकांनी दिलेला. 'आपण रोज दहा मिनिटे उशिरा येता व बस नसल्याचे कारण देता. तथापि बस नियमित असल्याचे शासनाने विधानसभेत सांगितले आहे. सबब आपले म्हणणे असत्य ठरते.'

"असत्य!" बायको कडाडली. "मी! बस नाही म्हणून रोज मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जाते, तिथली पहिली गाडी पकडते, ती टेकडीच्या मागे सोडते, तिथून धापा टाकत पळते, तरी सात चाळीस होतात. हा दुसरा मेमो आहे. तिसऱ्याला नोकरीत कायम करत नाहीत, घरी पाठवतात."

"म्हणजे तुझी ती बस... ती सत्तावीस नंबरची?"

"मग आठ महिने मी कुठल्या बसबद्दल बोलतेय?"

"बोलत होतीस गं. पण नंबर नव्हतीस सांगत."

बायकोने वर्तमानपत्रातल्या त्या बातमीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "हे असलं उत्तर लिहितं तरी कोण? एकदा समोर येऊ दे तो माणूस."

"खातं लिहितं," ते घाईघाईने म्हणाले. "खात्यात असा कुणी एक माणूस नसतो."

जेवणाचं ताट त्यांनी तसंच बाजूला सारलं. ते खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत राहिले. सत्तावीस नंबरने आठ महिन्यांत जेवढ्या फेऱ्या केल्या नव्हत्या, तेवढ्या त्यांनी तासाभरात केल्या.

सकाळी ऑफिसात न जाता ते थेट बस आगारात गेले. आगारप्रमुखांनी त्यांना खुर्ची दिली, पण ते बसेनात.

"सत्तावीस नंबर कुठे आहे?"

"ही काय!" आगारप्रमुखांनी रजिस्टर उघडलं. "रोज पावणेसात. एक दिवस खाडा नाही."

"रजिस्टरातली नको. रस्त्यावरची."

"रस्त्यावरची ना? ती त्या वेळेला विमानतळावर असते. तिकडे गाड्या कमी पडत होत्या, तेव्हा तात्पुरती पाठवली. मग राहिली."

"मग परत आणा!"

आगारप्रमुखांनी चष्मा काढून पुसला. "आणतो की. पण बस सुरू करायला वरची मंजुरी लागते. मी लिहिणार, 'बंद असलेली बस सुरू करावी.' वरून विचारणार, 'विधानसभेत तर चालू म्हणून सांगितलंय, आता चालू बस सुरू कशी करायची?' साहेब, तुमचंच उत्तर आहे. फार सुंदर आहे. मी इथे भिंतीवर लावलंय."

खरोखरच लावलं होतं. स्वतःचंच वाक्य कक्षाधिकाऱ्यांना पहिल्यांदा नकोसं वाटलं.

"बरं, निदान एक दाखला तरी द्या. बस उशिरा आली, एवढंच लिहा. माझ्या बायकोच्या नोकरीचा प्रश्न आहे हो."

"जी येतच नाही ती उशिरा कशी येईल?" आगारप्रमुखांना खरंच वाईट वाटत होतं. ते जरा पुढे झुकले. "यावर इलाज एकच. आधी ती रीतसर बंद करा. रीतसर बंद झाली की रीतसर सुरू करता येईल."

बुडत्याला काडीचा आधार. कक्षाधिकाऱ्यांनी त्याच दुपारी सूचना काढली: 'मार्ग क्रमांक सत्तावीस बंद करण्याचे प्रस्तावित आहे. हरकती असल्यास पंधरा दिवसांत कळवाव्यात.' हरकत कोण घेणार? जी बस कुणी पाहिलेली नाही, तिच्यासाठी कोण रडणार?

चौदाव्या दिवशी त्यांच्या टेबलावर तीनशे बारा सह्यांचं निवेदन येऊन पडलं. पहिली सही बायकोची होती.

त्या संध्याकाळी त्यांनी बूट काढण्याआधीच विषय काढला. "अगं, ती बस येत नाही असं तूच म्हणतेस ना? मग ती बंद करायला तुझा विरोध कसा?"

"आज येत नाही, उद्या येईल," बायको म्हणाली. "बंद झाली की आशाच संपली. आणि तुम्हाला कुणी सांगितलं सह्यांचं?"

"खात्यात... चर्चा होती."

"मग खात्याला सांगा, आम्ही भोंग्याकडे गेलोय."

भोंगा म्हणजे विरोधी पक्षाचे आमदार. त्यांना माइक लागत नसे, आणि त्यांचा स्वतःचा पक्षसुद्धा त्यांना त्याच नावाने ओळखत असे. बसचा मूळ प्रश्नही त्यांनीच विचारला होता. आता त्यांनी तो नव्याने विचारला, आणि या खेपेला प्रेक्षकांच्या सज्जात तीनशे बारापैकी साठ-सत्तर जण येऊन बसले. अधिकाऱ्यांच्या कक्षात कक्षाधिकारी खुर्चीच्या टोकावर बसले होते. समोरच्या सज्जात बायको दिसताच त्यांनी फाइल तोंडापुढे धरली.

"नियमितपणे धावणारी, गोरगरिबांची ही बस सरकार का हिरावून घेतंय?" भोंगा गरजले. दोन महिन्यांपूर्वी तीच बस धावतच नाही म्हणून ते याच जागेवरून गरजले होते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्यांच्याही नाही.

मंत्र्यांच्या हातात कक्षाधिकाऱ्यांनी लिहिलेला कागद होता. 'बाब विचाराधीन आहे' एवढंच वाचून त्यांनी खाली बसायचं होतं. पण सज्जाकडे नजर गेली आणि मंत्र्यांना चेव चढला. "कोण म्हणतं बंद होणार? सत्तावीस नंबर बंद होणार नाही! उलट त्याच मार्गावर मी आजच एक जादा फेरी जाहीर करतो!"

दोन्ही बाजूंनी बाकं वाजली. कक्षाधिकाऱ्यांनी शेजारच्या अनोळखी अधिकाऱ्याचा हात धरून जोरजोरात हलवला. जादा फेरी म्हणजे नवी फेरी, नव्या फेरीला नवी मंजुरी आणि नव्या मंजुरीला खरीखुरी बस! गेल्या दोन महिन्यांत त्यांना पहिल्यांदा भूक लागली.

आठवड्याभरात बस आली. रंगवलेली, चाकं असलेली, आत चालक बसलेला. मंत्र्यांनी फीत कापली, भोंग्यांनी श्रेय घेतलं, आणि बायको खिडकीजवळची जागा पकडून बसली. कक्षाधिकारी कौतुकाने बसभोवती एक चक्कर मारून आले आणि पुढच्या पाटीपाशी थबकले.

"सात?" त्यांनी आगारप्रमुखांना बाजूला ओढलं. "अहो, पावणेसातला सुटायला हवी ना! शाळा साडेसातची, वाट चाळीस मिनिटांची!"

"पावणेसातला पहिली बस आहे ना, साहेब. जादा फेरी पहिलीनंतर पंधरा मिनिटांनीच सोडायची, असा नियम आहे. एका वेळी दोन सोडल्या तर प्रवासी विभागले जातात."

बस सातला निघाली आणि सात चाळीसला शाळेपाशी पोचली. मुख्याध्यापिका फाटकातच उभ्या होत्या.

"बाई, आता तर दोन-दोन बस झाल्या. तरी उशीर?"

"मोठ्या बाई, ही बसच सातला सुटते हो."

"मग आधीची पकडत जा ना," मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि तिसरा मेमो त्यांनी तिथेच हातात ठेवला. खुलाशाला दहा दिवसांची मुदत होती. त्यानंतर प्रकरण शाळेच्या समितीपुढे जायचं होतं.

त्या दिवशी घरी बायको आरडाओरडा करेल, वर्तमानपत्र आपटेल, अशी कक्षाधिकाऱ्यांनी तयारी ठेवली होती. ती नुसती बसून होती. मेमोची घडी घालत होती, उलगडत होती, परत घालत होती. ते त्यांना पाहवेना. स्वतःची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

"ते पहिलं उत्तर मी लिहिलं होतं," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"माहीत आहे? कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. वाचताना केवढे खूश झाला होतात!" तिने मेमो त्यांच्यासमोर सरकवला. "म्हटलं, हा माणूस स्वतःहून कधी सांगतोय बघू. सांगितलंत, बरं झालं. आता निस्तरा."

कक्षाधिकारी उठले, बसले, परत उठले. बसची वेळ बदलणं म्हणजे वर्षभराचं काम. दाखला मिळणार नाही. मुख्याध्यापिकांना भेटून काही उपयोग नाही, त्या समोरच्या माणसापेक्षा सभागृहावर विश्वास ठेवणाऱ्या. येरझाऱ्या घालता घालता ते मधेच थांबले. मग चपला घालून तडक भोंग्यांच्या घरी गेले.

"एक प्रश्न विचाराल?" त्यांनी कागद पुढे केला.

"तुम्ही? प्रश्न?" भोंग्यांचा आवाज प्रथमच खाली आला. त्यांनी वाचलं. "'टेकडीजवळच्या शाळेतील शिक्षिका रोज दहा मिनिटे उशिरा येतात, हे खरे आहे काय?' अहो, तिथे तुमच्या मिसेस आहेत ना? घरात काही वाजलंय का?"

"सगळं ठीक आहे. फक्त उत्तर या आठवड्यात आलं पाहिजे."

"आणि 'खरे आहे' असं उत्तर आलं तर?"

"साहेब," कक्षाधिकारी म्हणाले, "एकोणीस वर्षं झाली मला. तसं कधी आलेलं नाही."

प्रश्न शिक्षण खात्याकडे गेला आणि खात्याने मुख्याध्यापिकांना फोन केला: अहवाल आज पाचच्या आत हवा. मुख्याध्यापिकांना घाम फुटला. प्रांतात शिस्तीला पहिली असलेली शाळा, आणि तिची लक्तरं विधानसभेच्या वेशीवर टांगायची? त्यांनी शाळेचं फाटक लावून घेतलं, तीन कच्चे मसुदे फाडले आणि चौथा पाठवला. शिक्षणमंत्र्यांनी तो एकही अक्षर न बदलता सभागृहात वाचला: 'हे खरे नाही. सदर शाळेतील सर्व शिक्षिका दररोज साडेसातच्या ठोक्याला वर्गात हजर असतात.' दुसऱ्या दिवशी तो छापूनही आला.

त्या सकाळी जादा फेरी नेहमीसारखी सात चाळीसला पोचली. बायको जीव मुठीत धरून फाटकातून आत शिरली. मुख्याध्यापिका समोरच व्हरांड्यात, घड्याळाखाली, हातात वर्तमानपत्र घेऊन उभ्या होत्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, वर्तमानपत्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"तो मेमो परत द्या, बाई."

तिने दिला. त्यांनी तो फाडला आणि तुकडे पर्समध्ये टाकले.

"मोठ्या बाई, पण आजसुद्धा मला..."

"शासनानं सांगितलंय, तुम्ही वेळेवर येता," मुख्याध्यापिका करड्या आवाजात म्हणाल्या. "आता त्यावर वाद घालू नका." मग त्यांनी शिपायाला हाक मारली. "हे घड्याळ दहा मिनिटं पुढे गेलंय. नीट करा."

शिपायाने स्टुलावर चढून काटा मागे सरकवला, आणि साडेसात वाजल्यामुळे खाली उतरून त्या दिवशी दुसऱ्यांदा घंटा दिली.