सुट्टी एकालाच मिळेल

दसऱ्याला साखरपुडा आणि त्यासाठी एका दिवसाची रजा, एवढंच काय ते मागणं होतं. पण तानाजी घाडग्यांचा अर्ज वैद्यसाहेबांच्या टेबलावर पडला, पाठोपाठ त्याच्यावर संदेश तावडेचा अर्ज पडला, आणि साहेबांनी दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवून चष्मा कपाळावर चढवला.

“घाडगे, तुम्ही कारण लिहिलंय, मुलीचा साखरपुडा.”

“होय साहेब.”

“आणि तावडे, तुमचं कारण आहे, स्वतःचा साखरपुडा.”

“हो सर.”

“आणि दोघांनाही दसराच हवाय?”

“सर, साखरपुडा एकच आहे ना,” संदेश म्हणाला. “आम्ही दोघं दोन बाजूंनी आहोत.”

साहेबांनी चष्मा खाली घेतला. सलिल वैद्य हे नौपाड्यातले शांत गृहस्थ. आवाज चढवणं त्यांना जमत नसे, त्यामुळे ते नकार फार गोड देत. “हे बघा, मला मनापासून आनंद झालाय. पण सेक्शनला सिग्नलची माणसं तुम्ही दोनच. एक सकाळी, एक दुपारनंतर. ऑफिस बंद राहील, सिग्नल बंद ठेवता येतो का? सुट्टी एकालाच मिळेल. कुणाला द्यायची ते तुम्ही घरी ठरवा.”

आता यात साहेबांची काही चूक नव्हती. चूक असलीच तर तानाजीची होती, आणि ती समजून घ्यायची तर जरा मागे जायला हवं.

रेल्वेच्या सिग्नल दुरुस्तीच्या नोकरीत पगार बरा, भत्ते बरे, पास मिळतो, दसऱ्याआधी बोनस मिळतो. मिळत नाही ती फक्त सुट्टी. जगाचा रविवार तो यांचा मेगाब्लॉक. अक्षदाचा जन्म झाला तेव्हा तानाजी ब्लॉकमध्ये होता, तिच्या बारशाला रुळावर होता, आणि शाळेच्या गॅदरिंगमध्ये ती झाड झाली होती तेव्हा तो पोचेपर्यंत पडदा पडलेला. पोरीच्या एकाही कार्यक्रमाला आपण धड नव्हतो, याचं त्याला मनापासून वाईट वाटायचं. नंदाला, म्हणजे बायकोला, त्याने शब्द दिलेला की साखरपुड्याला काहीही झालं तरी मी पाटावर बसलेला दिसेन.

सुट्टी मागायला गेलं की साहेब म्हणायचे, “घाडगे, भरती होऊ दे. मग घ्या हवी तेवढी.” भरतीचं काय विचारता! जाहिरात आली, फॉर्म भरले, परीक्षा पुढे गेली, मग झाली, मग निकालच लागेना. अक्षदा शाळेतून डिप्लोमाला गेली तरी भरती आपली होतेच आहे. आणि एक दिवस खांद्याला सॅक अडकवून संदेश तावडे दारात उभा राहिला. “सर, मला इथे जॉईन व्हायला सांगितलंय.”

तानाजीला देवच पावला. त्याने त्या पोराला चहा पाजला, स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली, सगळं काम हाताला धरून शिकवलं. शहाणा माणूस असा बदली माणूस मिळाला की त्याला जपून ठेवतो. तानाजीने त्याला जावई केलं.

म्हणजे झालं असं, की कौतुकाने तो संदेशला कळव्याला घरी जेवायला घेऊन गेला. अक्षदाने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, आणि पुढच्या भरतीची परीक्षा तिनेही दिली होती. ती संदेशला शंका विचारायला लागली. शंका वाढत गेल्या. पुढे त्या शंका ठाण्याला तलावपाळीवर शेंगदाणे खात सुटायला लागल्या, तेव्हा नंदाने ओळखलं. मुलगा कोकणातला, राहायला डोंबिवलीला मानपाड्याला, निर्व्यसनी, कायम नोकरी. नाही म्हणायला जागाच नव्हती. आपण एकुलत्या एका बदली माणसाशी नातं जोडतोय, म्हणजे घरात कार्य निघालं की दोघांनाही एकाच दिवशी सुट्टी लागणार, एवढी साधी गोष्ट सिग्नलवाल्याच्या ध्यानात येऊ नये? पण आनंदात माणसाचं डोकं चालत नाही, त्याला काय करणार.

त्या संध्याकाळी दोन्ही घरांची बैठक कळव्याला भरली. संदेशची आई हेमाताई मानपाड्याहून बर्फी घेऊन आल्या होत्या.

“एकालाच सुट्टी म्हणजे?” हेमाताई म्हणाल्या. “अहो, नवऱ्या मुलाशिवाय साखरपुडा कसा होईल? अंगठी काय मी घालू?”

“तसं नाही हो ताई,” नंदा म्हणाली. “पण बापाशिवाय तरी कसा होईल? पोरीचा बाप कुठंय म्हणून विचारलं तर काय सांगू, सिग्नलला गेलाय?”

“सांगायला काय हरकत आहे? खरंच गेलेले असतील.”

“मग तुमच्या मुलाचंही तेच सांगा की!”

बर्फीचा डबा मधल्यामध्ये राहिला. दोघी हसत बोलत होत्या, पण हसणं दर वाक्याला कमी होत होतं.

“दुसरा दिवस धरूया ना,” अक्षदा म्हणाली.

“दसरा सोडून?” दोघी एकदम म्हणाल्या. साडेतीन मुहूर्तांतला दिवस सोडायला दोन्हीकडच्या नातेवाइकांनी मान्यता दिली नसती, आणि खोपटला एसटी डेपोजवळचा हॉलही ठरला होता. निदान एका गोष्टीवर विहिणींचं एकमत झालं.

“काका, टेन्शन नका घेऊ,” संदेश तानाजीला म्हणाला. “पलीकडच्या सेक्शनच्या पोपटदादांना सांगू. ते थांबतील त्या दिवशी आपल्या जागी.”

तानाजीचा चेहरा उजळला. त्याने तिथेच पोपट गायकरला फोन लावून स्पीकरवर टाकला.

“अरे तानाजी, तुझ्यासाठी जीव देईन,” पोपट म्हणाला. “पण दसऱ्याला नाय जमणार. दसऱ्याला मला एका साखरपुड्याला जायचंय.”

“कुणाच्या?”

“कुणाच्या काय विचारतोस? तुझ्याच पोरीच्या! बायकोने साडी काढून ठेवलीय. येऊ नको म्हणतोस काय आता?”

“नाय रे बाबा, यायचंच आहे,” तानाजी घाईघाईने म्हणाला. झालं होतं असं, की लग्न ठरल्याच्या भरात त्याने अख्ख्या सिग्नल डिपार्टमेंटच्या ग्रुपवर आमंत्रण टाकलं होतं. सहकुटुंब सहपरिवार. त्याच्या जागी उभा राहू शकेल असा जो जो माणूस होता, तो तो पाहुणा होता. आणि आमंत्रण देऊन वर ‘तू येऊ नको, माझी ड्युटी कर’ असं सांगायला माणसाला वेगळंच तोंड लागतं, ते तानाजीकडे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांकडे गेला तेव्हा साहेबांच्या पुढ्यात अर्जांची चळत होती.

“घाडगे, बसा. हे बघा, गायकर. कारण, घाडग्यांकडे साखरपुडा. हे केबलवाले. घाडग्यांकडे साखरपुडा. हे स्टोअरचे. तेच. दसऱ्याच्या दुपारी माझ्याकडे सिग्नल बघायला कोण असणार आहे, माहितीये? मी! आणि मलाही तुम्ही प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलंय.”

“साहेब, मी काय म्हणतो, पुढच्या भरतीचं काही...”

“वरती लिहून लिहून माझी बोटं झिजली. पुढचा माणूस आधी मला द्या म्हणून हात जोडलेत मी. पण तो येईल तेव्हा येईल. तोवर एकही सुट्टी नाही. कुणालाच नाही!”

म्हणजे आधी निदान एक तरी मिळत होती, ती पण गेली. तानाजी घरी आला आणि न जेवता बसून राहिला. नंदाने दोनदा हाक मारली, तरी ताटावर येईना.

“तिच्या बारशाला पण मी नव्हतो गं,” तो म्हणाला.

नंदाला त्याच्यावर चिडायचं होतं, तशी तिने सकाळपासून तयारीही केली होती. पण त्याचा चेहरा बघून तिने ते सगळं बाजूला ठेवलं. ती समोर येऊन बसली.

“मला एक सांगा, दसऱ्याला तुमच्या सिग्नलच्या खोलीवर हत्यारांची पूजा असते ना?”

“असते की. दर वर्षी.”

“आम्ही बायकापोरं येतो. गुरुजी येतात. साहेब येतात. मग पूजा कधी करता तुम्ही?”

“पाळी बदलताना. म्हणजे सकाळचा माणूस जायच्या आधी आणि दुपारचा आल्यावर, दोघांनाही प्रसाद...” तानाजी बोलता बोलता थांबला. मग उठून त्याने हात धुतले आणि स्वतःच ताट वाढून घेतलं.

वैद्यसाहेबांनी मात्र ऐकल्याबरोबर दोन्ही हात वर केले. “रेल्वेच्या जागेत साखरपुडा? घाडगे, मला चार्जशीट मिळेल हो!”

“साखरपुडा कुठे, साहेब?” या वेळी नंदा जातीने आली होती. “हत्यारांची पूजा आहे. दर वर्षी तुम्हीच नारळ फोडता. पूजेला आलेल्या एका मुलाने पूजेला आलेल्या एका मुलीच्या बोटात अंगठी घातली, तर तुम्ही थोडेच बघताय? तुम्ही नारळाकडे बघत असणार.”

साहेबांनी पुढ्यातली अर्जांची चळत बाजूला सारली. “जेवण कुंपणाच्या बाहेर,” ते शेवटी म्हणाले. “आणि बॅन्ड नको.”

दसऱ्याला यार्डाच्या कुंपणालगतच्या त्या खोलीला झेंडूची तोरणं लागली. पक्कड, नटबोल्टचे पाने, मीटर, सगळं पुसून हळदकुंकू लावून पाटावर मांडलं. अंगणातल्या बदामाखाली सतरंज्या पडल्या. मानपाड्याहून टेम्पो भरून तावडे आले. पूजेच्या निमित्ताने पोपट, केबलवाले, स्टोअरचेही ड्युटीवरूनच येऊन बसले. खोपटच्या हॉलऐवजी सिग्नलच्या खोलीत कार्य, म्हणून हेमाताई जरा घुश्शात होत्या, पण गाड्यांना झेंडा दाखवतात तसा हिरवा शालू नेसून अक्षदा बाहेर आली आणि त्या सगळं विसरल्या. संदेश सकाळच्या पाळीचा, त्याची ड्युटी संपत आलेली. तानाजी दुपारच्या पाळीचा, तो जरा आधीच हजर. दोघेही नियमाने कामावर होते, आणि तानाजी नवा सदरा घालून पाटावर बसला होता. नंदाने ते डोळे भरून पाहून घेतलं.

साहेबांनी नारळ फोडला. गुरुजींनी मंत्र म्हटले. संदेशने अंगठी उचलली, अक्षदाने हात पुढे केला, आणि खोलीतला फोन वाजला.

“सांधा लागत नाहीये!” स्टेशनवरून आवाज आला. रूळ जिथे एकमेकांपासून फुटतात, तो सांधा अडकला होता आणि पाठीमागे गाडी उभी होती.

पुढे जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही. संदेशने अंगठी खिशात टाकून धूम ठोकली. तानाजी पाटावरून उठून पळाला. पोपट गायकर पळाला, केबलवाले पळाले, स्टोअरचे पळाले. ज्याच्या हाताला पाटावरचं जे हत्यार लागलं ते हळदकुंकवासकट घेऊन तो गेला. बदामाखाली बायका, मुलं, गुरुजी आणि नारळाच्या दोन वाट्या हातात घेतलेले वैद्यसाहेब एवढेच उरले.

“हे काय?” हेमाताई म्हणाल्या. “अहो, माझा मुलगा अंगठी घेऊन पळाला!”

“येईल हो,” नंदा म्हणाली. “आता सवय करा.”

पण लोक घोटभर पाणी पितात न पितात तोच सगळी वरात परत आली. सांध्यात खडीचा दगड अडकला होता. एक दगड काढायला एवढी माणसं, म्हणजे दगड निघेपर्यंत निम्म्यांना तो दिसलाही नव्हता. गाडी भोंगा देत निघून गेली.

“इतक्या लवकर दुरुस्ती माझ्या नोकरीत झाली नव्हती!” साहेब हरखून म्हणाले. “घाडगे, रोज साखरपुडा ठेवा हो!”

संदेशने काळ्या झालेल्या हाताने अंगठी घातली. अक्षदाच्या बोटाला वंगण लागलं, तिला त्याचं काही वाटलं नाही. तानाजीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि आपण वेळेवर होतो, हे तो भेटेल त्याला सांगत सुटला. पेढे वाटले गेले.

तेवढ्यात अक्षदाने फोन पाहिला आणि ती किंचाळलीच. “पप्पा! निकाल लागला! माझं सिलेक्शन झालं!” भर सणाच्या दिवशी निकाल कसा लागला ते भरतीवाल्यांनाच ठाऊक. एकच गलका झाला. हेमाताईंनी सुनेला जवळ घेतलं.

“कुठलं खातं गं?” साहेबांनी पेढा तोंडात टाकत विचारलं.

“सिग्नल, सर.”

“अरे वा!” साहेबांचा आनंद कुणाच्यापेक्षाही मोठा होता. “मग तू माझ्याकडेच! पुढचा माणूस आधी मला, हे मी वरून लेखी मंजूर करून घेतलंय. ट्रेनिंग संपलं की एप्रिलमध्ये इथे हजर! घाडगे, सुटलो आपण! आता तीन माणसं झाली, घ्या हवी तेवढी...”

साहेब थांबले. त्यांनी तानाजीकडे पाहिलं. मग संदेशकडे, मग अक्षदाकडे. तोंडातला पेढा तसाच राहिला.

“वहिनी,” त्यांनी नंदाला बारीक आवाजात विचारलं, “लग्न कधी धरलंय?”

“मे महिन्यात, साहेब. तिघांच्याही सुट्टीचं तेवढं बघा.”

वैद्यसाहेब जन्मात पहिल्यांदा धावले. गुरुजी पिशवी उचलून कुंपणाच्या फाटकापर्यंत पोचले होते, त्यांचा हात साहेबांनी घट्ट धरला.

“गुरुजी, परत चला. आत्ताच लग्न लावून टाका. मुलगा आहे, मुलगी आहे, जेवण आहे, दसरा आहे, आणि मुख्य म्हणजे सगळे ड्युटीवर आहेत!”

“अहो साहेब, चातुर्मास चालू आहे.”

“चातुर्मासावर तोडगा असेल हो काहीतरी,” साहेब जवळजवळ रडत म्हणाले, “मे महिन्यावर नाहीये!”