डेमोतली माणसं

“नवा लॅपटॉप कोण घेतं ठाऊक आहे? ज्याला वस्तूतलं काही कळत नाही तो!” गॅरंटीभाऊंनी सकाळच्या चहाचा कप ठेवत जाहीर केलं. “आणि वापरलेला कोण घेतं? ज्याला कळतं तो. म्हणजे मी!”

गॅरंटीभाऊ टीव्हीच्या शोरूममध्ये सेल्समन होते. दर दोन वाक्यांमागे “गॅरंटी माझी!” म्हणायची खोड, म्हणून हे नाव पडलं आणि पुढे सख्ख्या आईच्याही तोंडी बसलं. घरात कुठलीही वस्तू त्यांच्या पसंतीशिवाय येत नसे. धाकट्या बहिणीचा नवरासुद्धा त्यांनीच उलटसुलट प्रश्न विचारून पास केला होता. ती वरच्याच मजल्यावर राहायची आणि त्या गॅरंटीची आठवण त्यांना अधूनमधून करून द्यायची.

लॅपटॉप हवा होता बायकोला. मुलगी झाल्यावर तिने नोकरी सोडली, त्याला बारा वर्षं झाली. आता एका मोठ्या कंपनीच्या तक्रार विभागात, घरी बसून ग्राहकांना उत्तरं द्यायच्या कामासाठी तिने अर्ज केला होता. आज चार वाजता तिची ऑनलाइन मुलाखत होती. आठवडाभर ती कपाटाच्या आरशासमोर “नमस्कार सर” म्हणत उभी राहायची. आरशातल्या सरांनी तिला अजून एकदाही नाकारलं नव्हतं, पण रात्री झोप मात्र लागत नव्हती.

“अहो, साधा, स्वस्तातला नवा घेऊया ना,” ती म्हणाली. “निदान वॉरंटी तरी मिळेल.”

“वॉरंटी लागते कमकुवत मालाला! आणि मी आणलेला पीस कुठला आहे, विचार तरी! तुझ्याच त्या कंपनीतल्या साहेबांचा! त्यांनी जुने मोडीत काढले, जुन्या मालाच्या दुकानदाराने उचलले. त्यांच्याच घरचं मशीन, त्यांच्याच घरी मुलाखत! याला म्हणतात शुभशकुन!”

दुकानदाराने एक दिवस वापरून बघायला दिला होता. आतलं सगळं पुसून देतो म्हणाला, तर भाऊंनी त्याचा हात धरला. “छे छे! पावडर लावलेल्या नवरीचा रंग कसा कळणार? आहे तसाच द्या!” त्याने आहे तसाच दिला. पासवर्डची चिठ्ठी पोटाला चिकटवलेली होती, तीसुद्धा.

बहिणीने नुकताच एक स्वस्तातला नवाकोरा लॅपटॉप घेतला होता. तोही खाली आणला गेला. जेवणाच्या टेबलावर दोघे शेजारी शेजारी बसवले. पंच म्हणून खुर्चीवर आई. बायको आतल्या खोलीत साडीला इस्त्री करत होती.

“हा नवा हलका आहे रे,” आईने दोन्ही उचलून बघितले. “जुन्यात जीव आहे.”

“ऐका! आईला कळलं!” भाऊंनी जुना चालू केला. पडदा उजळला, खाली कोपऱ्यात काहीतरी टुण्णकन वाजलं आणि एक चौकोन आला. शोरूममध्ये ग्राहकाला कधी नाही म्हणायचं नाही, या शिकवणीला जागून भाऊंनी न वाचताच ‘हो’वर दाबलं.

पडद्यावर माणसं उगवली! सहा चौकोन, सहा चेहरे.

आता इथे दुसरा कोणी असता तर दचकला असता. पण भाऊ सकाळपासून संध्याकाळपर्यंत हसऱ्या माणसांच्या पडद्यांसमोर उभे राहायचे. शोरूमच्या प्रत्येक टीव्हीवर डेमो चालू असतो. पोपट, धबधबे, दात दाखवणारी कुटुंबं. त्या माणसांकडे बोट दाखवून ग्राहकाला माल विकायचा, हीच तर त्यांची रोजीरोटी.

“अगं, हा बघ डेमो!” त्यांनी बहिणीला ओढलं. “तुझ्यात आहे का असा? हा टकला बघ. टक्कल कसं चकाकतंय! आणि नाकावरची चामखीळ! कडा बघ तिच्या, कडा! स्वस्तातल्या पडद्यावर ती डाग वाटली असती. इथे हात लावून मोजावीशी वाटते!”

“अरे, तो माझ्याकडे बघतोय,” आई पदर सावरत म्हणाली.

“आई, डेमोतली माणसं सगळ्यांकडेच बघतात.”

“दादा, वर हिरवा दिवा लागलाय बरं का,” बहीण म्हणाली.

“बघ, दिवासुद्धा चालू आहे! जुना म्हणून नावं ठेवत होतीस! आणि ही खालची बाई जांभई देतेय, ती बघ. दाढेतलं चांदीचं सिमेंट दिसतंय! फक्त एकच गोष्ट खटकते. असली रडकी तोंडं डेमोला कोण घेतं? या टकल्याला बघून गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल!”

टकल्याचे ओठ जोरजोरात हलत होते. भाऊंनी आवाजाचं बटण शोधून शेवटपर्यंत वाढवलं.

“...कोण आहात तुम्ही?”

“वा! आवाज तर दणदणीत!”

“अहो, तुम्हालाच विचारतोय! पिवळा शर्ट!”

भाऊंनी सावकाश मान खाली घालून आपला शर्ट बघितला. पिवळाच होता. त्यांनी लॅपटॉप असा आपटून मिटला की आई खुर्चीत उडाली.

दारात बायको उभी होती. हातात इस्त्री.

“तो आवाज...” ती म्हणाली. “परवा फोन आला होता तोच आवाज. ते विभागप्रमुख आहेत. माझी मुलाखत तेच घेणार आहेत.”

ती आत वळली. इस्त्री ठेवून पलंगावर बसली आणि जमिनीकडे बघत राहिली. भाऊंना खरंच फार वाईट वाटलं. बारा वर्षांनी तिने स्वतःसाठी एक गोष्ट मागितली होती आणि ते तिच्या होणाऱ्या साहेबांची चामखीळ मोजत बसले होते.

“काही काळजी करू नकोस,” ते घाईघाईने म्हणाले. “मुलाखत हिच्या नव्यावर दे! आपण कोण, कुठले, त्यांना काय कळणार? गॅरंटी मा...”

“दादा, तो शब्द उच्चारू नकोस,” बहीण म्हणाली.

दुपारी नवा लॅपटॉप तयार झाला. बायको साडी नेसून समोर बसली. चारला थोडा वेळ उरला असताना पडद्यावर एक चौकोन आला. तिचा हात पोचायच्या आत मागून भाऊंचं बोट आलं आणि सवयीप्रमाणे ‘हो’वर पडलं.

पडदा निळा झाला. ‘अपडेट चालू आहे. कृपया लॅपटॉप बंद करू नका.’

“हे किती वेळ चालतं?” भाऊंनी विचारलं.

“मागच्या वेळी माझी डाळ शिजली, जेवणं झाली, भांडी झाली,” बहीण म्हणाली.

बायको उठली. “तो जुना आणा. आणि तुम्ही स्वयंपाकघरात जा. सासूबाई, यांना बाहेर सोडू नका.”

आईने दाराला स्टूल लावलं आणि त्यावर बसली. भाऊंनी दाराच्या फटीला कान लावला.

“नमस्कार सर,” बायकोचा आवाज थरथरला.

“नमस्कार. गंमत बघा मॅडम, तुमच्या जागी आमच्या जुन्या मॅनेजरांचं नाव दिसतंय. नोकरी सोडून गेले, पण मीटिंगला आज दुसऱ्यांदा हजर झाले!” खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला. “भिंत ओळखीची वाटतेय. सकाळचा तो पिवळा शर्ट...?”

“माझे यजमान, सर,” ती म्हणाली. भाऊंनी डोळे मिटले.

“अस्सं. मग प्रश्न सोपा आहे. एक ग्राहक तुम्हाला फोन करतो. त्याला सगळं कळतं, दुसऱ्याचं तो ऐकत नाही आणि वर तुमच्या चेहऱ्याला नावं ठेवतो. तुम्ही काय कराल?”

“आधी त्यांचं सगळं ऐकून घेईन, सर. मधे बोलणार नाही. मग म्हणेन, तुमचं अगदी बरोबर आहे. आणि मग जे करायला हवं तेच करीन.” आता आवाज थरथरत नव्हता. “बारा वर्षं हेच करतेय. एकदाही भांडण झालेलं नाही. त्यांना अजून वाटतं, घर तेच चालवतात.”

पलीकडे मुलाखतीला सकाळचेच सहा जण बसले होते; सहाच्या सहा हसले. साहेब तर इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पुढचे प्रश्न त्यांनी नावापुरते विचारले.

“सोमवारपासून या कामावर,” ते म्हणाले. “आणि हो, लॅपटॉप विकत घेऊ नका. तो कंपनी देते.”

आता भाऊंना राहवेना! त्यांनी आईसकट स्टूल सरकवलं, दारातून मान बाहेर काढली आणि विचारलं, “नवा देणार की वापरलेला?”

साहेबांनी चष्मा परत चढवला आणि पिवळ्या शर्टाकडे नीट निरखून बघितलं.

“नवा. पण मॅडम, एक अट आहे. त्याचा पडदा कसा आहे, हे तपासायला यांना बोलवायचं नाही.”

“तुमचं अगदी बरोबर आहे, सर,” बायको म्हणाली.