मूळ साळिंदरांची पंगत

एका जंगलात, बाळांनो, दर महिन्याला जेवणाच्या पंगती बसत. वाढायला अस्वलआप्पा असत. त्यांचे नियम दोनच. एका कळपाच्या सगळ्या पंगती सारख्या हव्यात, एकही पान कमी-जास्त नको. आणि एकट्याची पंगत धरली जाणार नाही.

ससे बारा होते. ते कधी चार-चारांच्या तीन पंगती करत, कधी सहा-सहांच्या दोन. जिलबी गरम असतानाच सगळ्यांच्या पानात पडे.

साळिंदरे तेरा होती. दोन पंगती केल्या तर एक जण उरे. तीन केल्या तरी एक उरे. चार केल्या तरी तेच. पाच करून पाहिल्या तेव्हा तिघे उरले आणि भांडण झाले. शेवटी तेरांची एकच लांबलचक पंगत बसे. तिचे टोक पार खाजकुइलीच्या वेलाखाली जाई.

त्या टोकाला चिंगूमावशी बसत, कारण त्या हळू चालत. त्यांच्यापर्यंत येईतो जिलबी संपलेली असे. आप्पा उरलेला पाक वाढत आणि म्हणत, "खरी चव पाकातच असते, मावशी." मावशींनी उभ्या जन्मात जिलबी चाखली नव्हती.

त्या घुबडगुरुजींकडे गेल्या. सगळा कळप मागोमाग गेला. गुरुजींनी शांतपणे समजावले. बाराच्या सारख्या पंगती पडतात, म्हणून बारा ही संयुक्त संख्या. तेराच्या पडत नाहीत, म्हणून तेरा ही मूळ संख्या. यात कोणाचा दोष नाही.

साळिंदरांनी यातला एकच शब्द ऐकला. मूळ.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बिळावर पाटी लागली, 'जंगलातील मूळ रहिवासी'. साळिंदरे सशांना विचारू लागली, की तुम्ही कुठून आलात? ससे बिचारे रडकुंडीला आले. आपण संयुक्त, म्हणजे भेसळीचे, असे त्यांनाही वाटू लागले.

मावशींनी सुचवले, की ते मुंगूस एकटेच हिंडते, त्याला आपल्यात घेऊ. चौदा झालो की सात-सातांच्या दोन पंगती.

"आणि मूळपण घालवू?" म्होरके काटेअण्णा म्हणाले. "जिलबीसाठी?"

"हो," मावशी म्हणाल्या. "जिलबीसाठीच."

मते घेतली. बारा विरुद्ध एक.

मावशी उठून सशांत गेल्या. सशांनी प्रेमाने घेतले. पण आता ससे तेरा झाले. त्यांनी लगेच पाटी रंगवली. एकच लांबलचक पंगत बसली आणि नव्या म्हणून मावशी खाजकुइलीखाली. तिकडे बारा साळिंदरे तीन पंगतींत गरम जिलबी खात होती आणि घराण्याचे नाव बुडाले म्हणून रडत होती.

मावशींनी आपले पान उचलले आणि त्या थेट आप्पांपुढे उभ्या राहिल्या.

"आता मी कुणातच नाही," त्या म्हणाल्या. "एकटी."

आप्पांनी गुरुजींना विचारले. गुरुजी बराच वेळ मान फिरवत राहिले. मग म्हणाले, की एक ही संख्या मूळही नाही आणि संयुक्तही नाही.

"मग यांना बसवू कुठे? एकट्याची पंगत मी धरत नाही."

"ठरेपर्यंत इथेच बसते," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी कढईशेजारी पान मांडले.

अजून ठरलेले नाही. मावशींची सातवी जिलबी चालू आहे. गुरुजी म्हणतात, सात हीसुद्धा मूळ संख्या. मावशी म्हणतात, मग आठवी वाढा.

तात्पर्य : बाळांनो, नेहमी आपल्या कळपाला धरून राहावे. कळप सोडणाऱ्याला कोणी मूळ म्हणत नाही, कोणी संयुक्त म्हणत नाही, आणि जन्मभर कढईजवळ बसावे लागते.