हायमकाकांचा गज

हायमकाकांच्या गजाला मी खोबरेल तेल लावलं. चांगलं चोळून, मुरवून, वर फणीही फिरवली.

गज म्हणजे डबल बास वाजवायचा. आणि डबल बास म्हणजे माणसापेक्षा उंच व्हायोलिन. ते खांद्यावर घेता येत नाही, त्याच्याशी उभ्याने झोंबावं लागतं. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती तेव्हा अख्ख्या पनवेलमध्ये हे वाद्य एकच होतं, आणि ते नेमकं आमच्या भिंतीपलीकडे होतं. काका मुंबईत सिनेमाच्या एका वाद्यवृंदात होते. तिथला बास स्टुडिओचा, गज मात्र स्वतःचा. तो छत्रीच्या पिशवीत घालून ते एसटीने जात. घरी सरावाला पोटाला चीर गेलेला एक जुना बास होता. काकू गेल्यापासून घरात ते आणि तो, असे दोघेच.

बोटांनी तार छेडण्यात काका वस्ताद. खोट होती ती गजात. वाद्यवृंदाचे मास्तर एकदा म्हणाले होते, "हायम, तुझा गज परत फिरताना अडखळतो." त्याला बावीस वर्षं झाली होती. काका अजून ते वळण दुरुस्त करत होते.

मुंबईला जायचं नसलं की रोज दुपारी तीनला सुरू. एकच सूर. गज इकडून तिकडे, तिकडून इकडे. "वळण कळता कामा नये. रेटू नये, भार टाकावा," हे त्यांचं ब्रीद, आणि ते साऱ्या जगाला लागू होतं. लाकडाच्या वखारीत करवत ओढणारे दोघे बघत ते तासतासभर उभे राहत. पोस्टात शिक्के बसताना खिडकीतून ओरडत, "भार टाका, मास्तर, भार! मनगट मेलंय तुमचं." आमच्याकडे आईला म्हणाले, "वहिनी, लाटणं परत फिरतं तिथं तुम्ही श्वास धरता." त्यानंतर आई ते उठून गेल्याशिवाय पोळपाट काढेनाशी झाली.

काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. शनिवारी काम वर्ज्य. म्हणून शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत ते गज माझ्याकडे आणून देत.

"घरात असला की हात शिवशिवतो रे. तू कचेरीतला कारकून, तुझ्या हातून काम व्हायची भीती नाही."

त्या शनिवारी मी सहज पिशवी उघडली. घोड्याच्या शेपटीचे ते केस, कोरडे ठणठणीत, आणि मुळापासून टोकापर्यंत पांढरा कोंडा! मला दया आली. एकटा माणूस, त्याचं कोण करणार? पुढचं सांगितलंच आहे.

रविवारी पहाटे काका पिशवी घेऊन मुंबईला गेले. तो कोंडा म्हणजे मुद्दाम लावलेली राळ असते, ती नसली की केस तारेवरून नुसते घसरतात, हे मला सोमवारी कळलं.

"तिथं पुन्हा राळ घासली," काका शांतपणे म्हणाले, "तर तिचं पिठलं झालं."

"मग?"

"मग काय? चाळीस माणसं वाद्यं लावून बसलेली. उभा राहिलो आणि ओढत राहिलो. दिवसभर. आवाज शून्य."

"मास्तर काय म्हणाले?"

"म्हणाले, हायम, आज बास झकास बसला."

आता इथे गप्प बसावं की नाही? मी म्हटलं, "मग बरंच झालं की, काका! सरावाची कटकटच मिटली."

काकांनी गज उचलून कपाटावर ठेवला. "खरं आहे तुझं. ऐकतंय कोण?"

तीन वाजले. भिंतीपलीकडे काही झालं नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. मी तोंड लपवत कचेरीत जाऊ लागलो. मुंबईला जाऊन गजात नवे केस भरून आणले. काकांनी पिशवीही न उघडता "ठेव" म्हटलं.

आठव्या दिवशी मी त्यांच्या ओट्यावर अपराध्यासारखा बसलो होतो, तर मागच्या घरातली चांगुणाबाई आली. मिठागरावर राबलेली बाई. बासला ती "रेडा" म्हणायची.

"हायम, तुजा रेडा मेला का रं?"

"बंद केला. सुखी राहा."

"कंचं सुक! आमचा म्हातारा दोन वरसं अंथरुनावर हाय. रातचा डोला लागत नाय त्याचा. दुपारचा तुजा रेडा वरडला का तवरा निजतो. आठ दिस झालं, टक्क जागा हाय."

काका ताडकन उभे राहिले. मला वाटलं, भडकले. बावीस वर्षांची साधना, आणि माणूस तिच्यावर झोपतो!

"कधी झोपतो?" त्यांनी विचारलं. "गज जाताना की परत येताना?"

"मना काय ठावं? आवाज लांब चालला का निजतो. मदीच हिसका बसला का डोला उगडतो."

"हिसका! अजून बसतो?"

"आदी लय बसायचा. आता येकदोनदा."

"एकदोनदा," काका हळूच म्हणाले. मग पुन्हा, माझ्याकडे बघून, "एकदोनदा."

पिशवीची नाडी सोडून त्यांनी गज बाहेर काढला. बास त्यांनी ढकलत मागच्या दारात नेला आणि चांगुणाबाईच्या भिंतीलगत उभा केला. नव्या केसांना राळ लावली. सूर निघाला, तो संपेचना. मी कान देऊन ऐकत होतो, पण गज कुठे फिरला ते मला सापडलं नाही. चांगुणाबाई घरात डोकावून आली आणि तिने आम्हाला बोटाने गप्प राहायची खूण केली. काका घामाने भिजले होते, तरी थांबेनात. भिंतीपलीकडच्या माणसाची झोप ते तळहातावर घेतल्यासारखी जपत होते.

अर्ध्या तासाने मला उमाळा आला. म्हटलं, "काका, दमलात. म्हातारबुवा झोपलेच आहेत, मी जरा ओढतो."

बिचाऱ्यांनी गज दिला. मी भार टाकला.

चांगुणाबाई पदर सावरत धावत आली.

"अरं, याच्या हातात देऊ नको रं! दोन वरसं म्हातारा जागचा हालला नाय. यानं अजून येकदा वाजवलं तर उटून पलंल!"