निवड होईपर्यंत गणित बंद

गणित कोणालाही शिकता येते. ते कोणत्या पुस्तकातून शिकावे हे ठरवायला मात्र अनुभव लागतो. म्हणूनच पहिले काम मुलांवर सोपवले जाते आणि दुसरे वडीलधाऱ्यांवर.

मायक्रॉनसाहेबांपाशी हा अनुभव होता. तंत्रनिकेतनातून बाहेर पडल्यापासून निवृत्तीपर्यंत त्यांनी कारखान्यात सुटे भाग मायक्रॉनपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत, मोजून तपासले; नाव तिथेच पडले. त्यांनी नापास केलेला भाग पुन्हा पास झाल्याचे कोणी पाहिले नव्हते. (पास केलेला भागही फारसा कोणी पाहिला नव्हता.) साहजिकच, नातीने शाळा सोडून घरीच शिकायचे आणि उन्हाळ्यात कॉलेजची प्रवेशपरीक्षा द्यायचे ठरवताच, गणिताचा अभ्यासक्रम निवडण्याची जबाबदारी कोणी देण्याआधीच त्यांनी स्वीकारली. त्यासाठी एकसदस्यीय समिती नेमण्यात आली. ती एकमताने काम करी.

जेवणाच्या टेबलावर अभ्यासक्रम मांडले गेले. घरचे लोक ओट्यापाशी उभ्याने जेवू लागले.

तपासणी कसून झाली. एका पुस्तकाच्या पहिल्याच पानावर ‘गणित म्हणजे गंमत’ असे छापले होते. ते अविश्वसनीय म्हणून बाद. दुसऱ्यात उत्तरे मागे दिली होती; हा मुलीच्या चारित्र्यावर संशय. तिसऱ्यात उत्तरेच नव्हती. हा फाजील विश्वास. चौथ्याच्या जाहिरातीनुसार त्यातून शिकणारी अठ्ठ्याण्णव टक्के मुले उत्तीर्ण होत. उरलेल्या दोन टक्क्यांचे काय झाले, असे साहेबांनी प्रकाशकाला विचारले. उत्तर आले नाही. ‘दोन टक्के बेपत्ता’ असा शेरा मारून तेही बाद.

नियम एकच होता, पण कडक: निवड होईपर्यंत नातीने गणिताला हात लावायचा नाही.

“पण आजोबा, परीक्षा मला द्यायचीय!”

“म्हणूनच तर, बाळ. आधीच थोडं शिकून बसलीस, तर यश कुठल्या पुस्तकामुळे आलं हे कसं कळणार? सध्या तुला जितकं कमी येईल, तितकी चाचणी शुद्ध.”

सून दंतवैद्य होती. ती म्हणाली, “बाबा, दात दुखत असताना मी चिमटेच निवडत बसले ना, तर पेशंट उठून घरी जाईल हो!”

“जाऊ दे. निदान चुकीच्या चिमट्याने तर दात निघणार नाही.”

पुस्तकांच्या भाराने टेबल डुगडुगू लागले, तेव्हा साहेबांनी ‘गंमत’वाले पुस्तक त्याच्या आखूड पायाखाली सरकवले. जाडी तंतोतंत बसली.

“आजोबा, बाद झालेलं पुस्तक अभ्यासक्रमात मोडतं का?” नातीने अदबीने विचारले.

“छे! तो नुसता कागदाचा गठ्ठा.”

“मग गठ्ठा वाचला तर चालेल?”

“गठ्ठ्याला समितीची हरकत नाही,” साहेब भिंग न हलवता म्हणाले.

अंतिम फेरीत दोनच पुस्तके उरली. कोणाच्या खुणा पडू नयेत म्हणून ती खाकी कागदात बांधून ठेवली होती. टिपणांवरूनच त्यांची तुलना रंगली. हिवाळा संपला, पंखे सुरू झाले. घरात अधूनमधून मुलगी टेबलाखाली बसलेली दिसे. साहेबांना वाटे, हिच्या हातून पेन्सिल फार पडते.

अखेर एका सकाळी त्यांनी सर्वांना बोलावून निवड जाहीर केली. पण निवडलेले पुस्तक जागेवर नव्हते. शोधाशोध चालू असतानाच सून फोन नाचवत आली.

“बाबा, निकाल लागला! पोरीनं गणितात कमाल केली, हवं ते कॉलेज मिळतंय!”

“कसला निकाल?”

“प्रवेशपरीक्षेचा. गेल्या महिन्यात झाली ना?”

“निवडीआधी?” साहेब मटकन खाली बसले. बसल्यामुळेच त्यांना ते दिसले: टेबलाच्या पायाखाली खाकी कागदातले पुस्तक. ‘गंमत’वाले टेबलाखाली बसलेल्या नातीच्या मांडीवर होते, कोपरे दुमडलेले, पाने सुटलेली.

“जाडी सारखीच होती, आजोबा,” ती म्हणाली. “मोजून बघितली होती मी.”

साहेबांनी जाडी मोजायचा कॅलिपर काढला. एवढे महिने टेबल पेलूनही खाकी पुस्तक केसभरही दबले नव्हते. त्यांचा चेहरा उजळला. “पाहिलंत? भक्कम अभ्यासक्रम! आणि त्या गठ्ठ्याची दशा बघा. बाद केला तेच बरं झालं.”

त्या दिवशी सर्वजण टेबलाशी बसून जेवले. ते डुगडुगले नाही.

निवडलेल्या अभ्यासक्रमाचे नाव येथे दिलेले नाही. ते शेवटी कळेल म्हणून जे पालक इथवर वाचत आले, त्यांची समितीवर नेमणूक झाली आहे. रुजू होण्यापूर्वी त्यांनी आपल्या टेबलाखाली एकदा डोकावावे आणि आवाज न करता परत यावे. आत अभ्यास चालू असेल.