पांढऱ्या बुटांतून कसालपर्यंत

चालण्याची कसली आलीय तयारी, असं विचारणाऱ्यांना मी त्या महिन्यात एकच उत्तर देत होतो: मालवणहून कसालपर्यंत चालून दाखवा, मग बोला! मी स्वतः तोवर गावाला लागून असलेल्या कुंभारमाठच्या पुढे चालत गेलो नव्हतो, ही गोष्ट वेगळी.

त्याचं असं झालं. आदल्या वर्षी माझी बायको सुगंधा कॅन्सरने आजारी पडली. आम्ही सगळ्यांनी आशा सोडली होती. पण मुंबईच्या इस्पितळातून ती बरी होऊन घरी आली, आणि दुसऱ्याच दिवशी, मला बाजारातून धड बांगडे निवडून आणता येत नाहीत म्हणून तिने मला झाडलं. इतकं गोड बोलणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. या रोगावर संशोधन चालू आहे, त्याला पैसा लागतो, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी कचेरीतला साधा कारकून, माझ्याकडे पैसा कुठला? पण पाय होते. मी कसालपर्यंत चालत जाईन, त्याबद्दल गावाने संशोधनाला देणगी द्यायची, असं मी जाहीर करून टाकलं. येताना अर्थात एस.टी.!

मुंबईच्या मेव्हण्याने पांढरे कॅनव्हासचे बूट पाठवले. ते चढवून मी पहाटे झपाझप चालायला लागलो. आता आमच्याकडे पहाटे असा घाईने निघालेला माणूस म्हणजे मरणाची बातमी सांगायला निघालेला. सुभद्राकाकीने दारातून विचारलं, "कोण गेला रे?" मला इतका दम लागला होता की मी नुसता हात हलवला. तिने त्यातून घ्यायचा तो अर्थ घेतला. मी घरी परतलो तर आळीतल्या बायका आमच्या ओट्यावर बसून, सुगंधाच गेली असं समजून, डोळ्यांना पदर लावून गळा काढत होत्या, आणि सुगंधा मधोमध बसून, नेमकं गेलं कोण, हे त्यांना विचारत होती.

निघायच्या दिवशी सुगंधा म्हणाली, देवाला नारळ ठेवल्याशिवाय जायचं नाही. देवळात गाऱ्हाणं घालायला, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलायला, बाबलीकाका, गावचे मानकरी. म्हातारा एकदा रंगात आला की त्याला आवरणं देवाच्याही हातात नाही. मी बुटांसकट अंगणात उभा, आणि आत त्यांनी सुरू केलं:

"बा देवा म्हाराजा, घरकारीण बरी झाली म्हणान हो सत्यवान कसालाक चलत जातलो!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

"पायात व्हाण घालूचो नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि गेलो तसोच चलत माघारी येतलो!"

"व्हय म्हाराजा!"

मी ओरडलो, पण गावाच्या आवाजापुढे माझं कोण ऐकतो? काका बाहेर आल्यावर त्यांना विचारलं, तर म्हणाले, तोंडातून आलं ते देवानेच वदवलं, आता मोडलं तर घरकारणीला बरं नाही. बूट सुगंधाने हातात घेतले.

वाटेतल्या कट्टा गावापर्यंत तळपायांना फोड आले. कसालला मावसभावाकडे पोचलो तेव्हा मी टाचांवर चालत होतो. सकाळी मी गुपचूप स्टँडवर गेलो आणि एस.टी.च्या पायरीवर पाय ठेवला. कंडक्टर नेमका आमच्या गावचा, गाऱ्हाण्याला हजर असलेला! "तुका घेवन गेलंय तर देव माका इचारतलो," म्हणाला आणि त्याने घंटी मारली. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, गाडी गेली आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मी गाडीत बसलो असतो आणि तिकडे सुगंधाला काही झालं असतं तर?

परतीच्या वाटेवर चौके गाव मागे टाकताना माझी अवस्था वाळूत सापडलेल्या खेकड्यासारखी होती, सरळ जाणं जमतच नव्हतं. कुंभारमाठजवळ रस्त्याच्या कडेला मी बसकण मारली. आता उठणं नाही, असं ठरवतोय तोच समोरून कोणीतरी येताना दिसलं. हातात पेजेची किटली, काखेत पांढरे बूट. सुगंधा! वर्षापूर्वी जिला खाटेवरून उचलून बसवावं लागायचं, ती उन्हातून एकटी चालत आली होती. मला रडू आलं. ते फोडांमुळे, असं मी तिला सांगितलं. तिने पेज पाजली, हात धरून उठवलं. बूट मात्र घालू दिले नाहीत.

देवळाशी गाव जमला होता. देणग्या आल्या, माझ्या अपेक्षेच्या कितीतरी पट. बाबलीकाका पुन्हा हात जोडून उभे राहिलेले पाहताच मी त्यांचं तोंड दाबायला लंगडत धावलो. तेवढ्यात त्यांनी सुरुवात केली:

"बा देवा म्हाराजा, आज सुगंधा आपल्या पायान घोवाक आणूक गेली. तशीच ती वर्सान वर्स जावंदे!"

माझा हात तिथेच थांबला. त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा!" कोण ओरडलं असेल, तर मी.

घरी आल्यावर सुगंधाने माझे पाय ऊन पाण्यात सोडले आणि सहज म्हणाली, "दर वर्साक मी तुमका आणूक येतलंय ता खरा. पण तुमी येतलात खंयसून?"

दर वर्षी कसाल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पांढरे बूट मी त्याच आठवड्यात मेव्हण्याला परत पाठवून दिले.