फाउंडेशनवाले तात्या

आमच्या डोंबिवलीच्या चाळीत तात्या सावंतांना कोणी "काय तात्या, बरं आहे ना?" असं विचारलं, तर ते उत्तर द्यायचे नाहीत. "ओठ वर कर," म्हणायचे आणि खिशातली बॅटरी काढायचे.

तात्या शहाडच्या एका कंपनीत फिटर होते. तिथे एकदा दातांचं शिबिर झालं. डॉक्टर जे बोलले ते तात्यांनी पाठच केलं. "दात म्हणजे मशीन, हिरडी म्हणजे फाउंडेशन. फाउंडेशन ढिलं झालं की मशीन नाचणारच." रक्त येतं म्हणून मी ब्रश करणंच सोडलं होतं, तर मला जिन्यात गाठलं. "अरे, कीट साठलंय म्हणून रक्त येतंय, आणि तू साफसफाईच बंद केलीस?" जोशीकाकांना डायबेटिस. "तुमच्या हिरड्यांना धोका डबल," असं त्यांना रोज ऐकावं लागे.

परबांच्या सुनेच्या वेळी तर कहर झाला. हिरड्या सुजल्यात, एवढंच बिचारी म्हणाली. तात्यांनी भर गॅलरीत विचारलं, "दिवस गेलेत का गं? तेव्हाही सुजतात." सासू लाटणं घेऊन बाहेर आली. आठ दिवसांनी तीच सासू पेढे घेऊन आली.

तपासणीतून सुटल्या होत्या फक्त काकू, म्हणजे तात्यांची बायको. चाळीतल्या बायकांच्या मिश्रीच्या डब्या तात्या हुडकून गटारात ओतायचे. घरात मात्र "डॉक्टरकडे चल" म्हणायचा अवकाश, काकू उठून मोरीत भांडी घासायला बसायच्या.

एका संध्याकाळी मी विचारलं, "तात्या, मिश्रीवरच एवढा राग का हो?"

त्यांनी हातातली बॅटरी खिशात टाकली. "मीच भाजून द्यायचो रे. तंबाखूचा ठसका तिला सोसायचा नाही. लग्न झाल्यापासून दर रविवारी मी तव्यावर भाजायचो, कुटायचो, वस्त्रगाळ करायचो. वाटायचं, बायकोचे लाड करतोय. आता तिचे दात हलतात. भाकरी दुधात कुस्करून खाते आणि वर मला सांगते, अशीच आवडते."

मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात काकू बाहेर आल्या. पायात चपला, हातात पिशवी. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"उठा," म्हणाल्या. "दवाखाना बंद होईल."

अख्ख्या चाळीला दरडावणारे तात्या शर्टाची बटणं भलत्याच काजात घालू लागले. काकूंनी ती सोडवली, एकेक करून नीट लावली आणि हळूच म्हणाल्या, "लाड मात्र खरे होते हो तुमचे."